नाव, गंध आणि गुण : फळांच्या गंधाच्या ‘इंडिका’ गांजा-वाणांची वैशिष्ट्ये (सातारा-सांगलीच्या शेतमालाच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

सातारा व सांगली हे कृष्णाकाठचे दोन जिल्हे त्यांच्या शेतमालाच्या नावांनी ओळखले जातात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, तासगावची द्राक्षे, सांगलीचा बेदाणा व हळद ही नावे उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात विशिष्ट गंध, रंग आणि गुण उभे राहतात. अलीकडे अशीच फळांची व मिठायांची नावे एका वेगळ्या वनस्पतीला जोडली गेलेली आहेत. ज्या देशांत वा प्रांतांत गांजाची विक्री वैध झाली आहे तेथे ‘पर्पल पंच’, ‘गेलाटो’, ‘शेरबेट’, ‘वेडिंग केक’ अशा नावांचे वाण विकले जातात. त्यांच्या वर्णनात द्राक्ष, बोरवर्गीय फळे, मलई, व्हॅनिला यांच्या गंधाचा उल्लेख असतो आणि प्रकार म्हणून बहुधा ‘इंडिका’ किंवा ‘इंडिकाप्रधान’ असे नोंदलेले असते.

ही नावे व वर्णने महाजालामार्फत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचतात. त्यांतून तीन गृहीतके सहज रुजतात : ‘इंडिका’ म्हणजे शांत झोप देणारी निराळी जात होय, फळाचा गंध असलेला वाण सौम्य असतो, आणि वाणाचे नाव कळले की त्याचा परिणामही कळतो. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व कायदा या तिन्ही अंगांनी ही गृहीतके तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचनासाठी सातारा-सांगलीतील परिचित पिकांची उदाहरणे घेतली आहेत, कारण नाव, गंध व गुण यांचा परस्परसंबंध या पिकांच्या आधारे अधिक स्पष्ट होतो.

१. ‘इंडिका’ या नावाचा प्रवास

कार्ल लिनियस यांनी १७५३ साली या वनस्पतीला ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे शास्त्रीय नाव दिले. त्यांच्यासमोर मुख्यतः युरोपात धाग्यासाठी लावली जाणारी वनस्पती होती. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्क यांनी १७८५ साली भारतातून आलेल्या नमुन्यांच्या आधारे ‘कॅनाबिस इंडिका’ ही स्वतंत्र जाती वर्णिली. भारतीय वनस्पती अधिक फांद्यांची, कठीण खोडाची, धाग्यासाठी निरुपयोगी आणि मादक आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. ‘इंडिका’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘भारतातील’ एवढाच आहे.

विसाव्या शतकात या शब्दाचा अर्थ पालटला. १९७० च्या दशकात अफगाणिस्तानातील बुटक्या, दाट, रुंद पर्णिकांच्या वनस्पतींना ‘इंडिका’ म्हटले जाऊ लागले आणि उंच, अरुंद पर्णिकांच्या वनस्पतींना ‘सटायव्हा’ हे नाव चिकटले. बाजाराने हीच विभागणी उचलली. परिणामी एक विलक्षण विसंगती निर्माण झाली. भारताच्या मैदानी प्रदेशात परंपरेने वाढणारी अरुंद पर्णिकांची गांजाची वनस्पती, जी लामार्क यांच्या अर्थाने खरी ‘इंडिका’, ती आजच्या बाजारी परिभाषेत ‘सटायव्हा’ ठरते. आणि भारताबाहेरच्या डोंगराळ प्रदेशातील वनस्पती ‘इंडिका’ म्हणून ओळखली जाते.

शास्त्रज्ञांमध्येही या प्रश्नावर एकमत नाही. अर्नेस्ट स्मॉल व आर्थर क्रॉनक्विस्ट यांनी १९७६ साली ही एकच जाती मानून तिच्या ‘सटायव्हा’ व ‘इंडिका’ अशा दोन उपजाती केल्या. त्यांनी विभागणीसाठी टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (यापुढे टीएचसी) या मादक घटकाचे ०.३ टक्के हे प्रमाण घेतले. या वर्गीकरणानुसार मादक गांजाचे सर्वच वाण ‘इंडिका’ उपजातीत जातात. म्हणजे बाजारातील ‘सटायव्हा’ वाणदेखील या अर्थाने इंडिकाच होय. एकाच शब्दाचे असे तीन अर्थ प्रचलित असताना त्यावरून परिणामाचे अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

येथे एका भाषिक गोंधळाचीही नोंद आवश्यक आहे. इंग्रजी राजवटीतील कृषिविषयक कागदपत्रांत ‘हेम्प’ हा शब्द ताग आणि अंबाडी या पिकांनाही लावलेला आढळतो. अंबाडीला ‘डेक्कन हेम्प’ असे म्हटले जाई व तिच्या शास्त्रीय नावातही ‘कॅनाबिनस’ हे विशेषण आहे. प्रत्यक्षात ताग शेंगवर्गीय, अंबाडी भेंडीच्या कुलातील आणि गांजा बिअरमधील हॉपच्या कुलातील वनस्पती आहे. सातारा जिल्ह्याचा कृषी-इतिहास अभ्यासताना ‘हेम्प’ या शब्दापाशी म्हणूनच सावध राहावे लागते.

२. बाह्य स्वरूप

बाजारी अर्थाने ‘इंडिका’ म्हणविल्या जाणाऱ्या वाणांची बाह्य लक्षणे साधारणपणे पुढीलप्रमाणे सांगितली जातात : कमी उंची, जवळजवळची पेरे, रुंद पर्णिका, घट्ट व जड फुलोरा आणि लवकर पक्वता. यांतील काही वाणांत फुलोऱ्यावर जांभळी छटा येते. ‘पर्पल पंच’सारख्या नावातील ‘पर्पल’ हा शब्द त्या छटेचा निदर्शक आहे. ही छटा अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येते. काळ्या द्राक्षाच्या सालीला रंग देणारी द्रव्येही याच गटातील आहेत. अँथोसायनिन गंधहीन असून मादकही नाही. जांभळा रंग पाहून द्राक्षाची आठवण होणे स्वाभाविक असले तरी रंगावरून गंधाचा वा नशेचा निष्कर्ष निघत नाही.

गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा. या वनस्पतीत नर व मादी झाडे सामान्यतः वेगळी असतात आणि फलन न झालेल्या मादी फुलोऱ्यात राळेचे प्रमाण अधिक राहते. हे ज्ञान आधुनिक नाही. एकोणिसाव्या शतकात बंगालमधील नौगाव येथील गांजाच्या शेतीत नर झाडे ओळखून उपटण्यासाठी ‘पोद्दार’ नावाचे जाणकार नेमले जात. भारत सरकारने १८९३ साली नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने आपल्या अहवालात या पद्धतीची नोंद घेतली आहे. फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथिल केसांत ही राळ तयार होते. गंधद्रव्ये आणि टीएचसीचे पूर्वद्रव्य ही दोन्ही याच केसांत निर्माण होतात. त्यामुळे गंध आणि नशा एकच असल्याचा भास होतो. परंतु ती वेगवेगळ्या विकरांनी घडविलेली भिन्न द्रव्ये आहेत.

३. गंधाची घडण

गांजाच्या गंधाचा पाया टर्पीन या बाष्पनशील द्रव्यांचा असतो. ही द्रव्ये या वनस्पतीची मिरासदारी नव्हे. स्वयंपाकघरात व फळबागेत ती रोज आढळतात. लिमोनीन हे लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील प्रमुख द्रव्य आहे. लिनॅलूल धन्यांना सुगंध देते. कॅरिओफायलीन मिरी व लवंगेत असते. मिर्सीन हॉपमध्ये व आंब्याच्या काही वाणांत आढळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी आंब्याच्या विविध वाणांच्या गंधद्रव्यांचा अभ्यास करून २००९ साली तो प्रसिद्ध केला. त्यात हापूसच्या गंधात ओसिमीन या टर्पीनचे प्राबल्य दिसून आले. ओसिमीन गांजाच्याही अनेक वाणांत असते. एखाद्या वाणाला ‘आंब्यासारखा’ म्हणण्यामागे असा रासायनिक आधार असू शकतो.

तथापि केवळ टर्पीनांनी फळाचा वा मिठाईचा गंध पूर्णपणे उलगडत नाही. स्ट्रॉबेरीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा गंध प्रामुख्याने एस्टर वर्गातील द्रव्ये आणि साखर भाजल्यासारखा गोड वास देणारे फ्युरानिऑल यांच्या मिश्रणातून घडतो. लिनॅलूलचा त्यात साहाय्यक वाटा असतो. अत्यल्प प्रमाणातील द्रव्येही गंधाची ओळख ठरवितात, हा यातील मुख्य मुद्दा होय. गांजाच्या बाबतीत हेच २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील संशोधनातून पुढे आले. ज्या वाणांना ‘फळांसारखे’ म्हटले जाते आणि ज्यांना ‘उग्र’ म्हटले जाते त्यांतील टर्पीनांचे चित्र पुष्कळदा सारखेच असते. फरक पाडतात ती अत्यल्प प्रमाणातील अन्य द्रव्ये. उष्णकटिबंधीय फळांचा भास देणाऱ्या वाणांत काही गंधकयुक्त संयुगे आढळली. याच वर्गातील संयुगे पॅशनफ्रूट या फळाला आणि सॉव्हिन्यॉ ब्लाँ या द्राक्षाच्या वाइनला त्यांचा विशिष्ट गंध देतात. उलट उग्र वासाच्या वाणांत इंडोल व स्कॅटोल यांसारखी द्रव्ये दिसून आली.

‘द्राक्षाचा गंध’ या वर्णनातही सांस्कृतिक गोम आहे. अमेरिकी ग्राहकाच्या मनातील द्राक्षाचा वास हा काँकर्ड या तेथील द्राक्षाचा व त्यावरून बनविलेल्या गोळ्यांचा असतो. तो मिथिल अँथ्रानिलेट या द्रव्याशी निगडित आहे. तासगाव परिसरातील थॉम्पसन सीडलेस गटाची द्राक्षे वेगळ्या जातीची असून त्यांचा गंध मंद असतो. तासगावच्या बागाईतदाराला ‘द्राक्षाच्या वासाचा’ हा वाण दाखविल्यास त्याला त्यात आपले द्राक्ष सापडण्याची शक्यता कमीच. गंधाचे वर्णन वर्णन करणाऱ्याच्या अनुभवाशी किती बांधलेले असते हे यावरून लक्षात येते. ‘मलई’, ‘केक’ ही वर्णने तर बहुतांशी उपमाच होत.

याखेरीज गंध स्थिरही राहत नाही. मिर्सीन, लिमोनीन यांसारखी लहान रेणूंची द्रव्ये वाळवणीत व साठवणीत लवकर उडून जातात, तर कॅरिओफायलीनसारखी मोठ्या रेणूंची द्रव्ये अधिक काळ टिकतात. एकाच झाडाचा ताजा व जुना फुलोरा म्हणूनच निरनिराळ्या वासाचा भासतो.

४. गंध आणि नशा

गंध व नशा यांचा संबंध समजण्यासाठी सांगलीच्या हळदीसारखे समर्पक उदाहरण नाही. हळदीचा पिवळा रंग व बहुचर्चित औषधी गुण यांचा संबंध कुर्कुमिनशी जोडला जातो, तर तिचा वास टर्मेरोन व तत्सम तैलद्रव्यांचा असतो. एका वासाच्या हळदीत कुर्कुमिन भरपूर असेल आणि तशाच वासाच्या दुसऱ्या हळदीत बेताचे असेल. केवळ हुंगून कुर्कुमिनचे प्रमाण सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच लागते. गांजातील टीएचसीची स्थिती कुर्कुमिनसारखी आहे. राफाएल मेशूलम व येहिएल गाओनी यांनी १९६४ साली हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची संरचना निश्चित केली. ते व्यवहारतः गंधहीन आहे. फळाच्या मधुर गंधाआड टीएचसी किती आहे हे नाकाला कळत नाही.

हे प्रमाण नगण्य राहिलेले नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या नमुन्यांच्या दीर्घकालीन विश्लेषणानुसार टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते. २०१४ साली ते सुमारे १२ टक्क्यांवर गेले. मिठाईच्या नावांचे आधुनिक वाण याच वाढत्या तीव्रतेच्या काळातील निर्मिती आहेत. युरोप व ब्राझीलमधील ११ ठिकाणी झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० टक्के वा अधिक टीएचसी असलेला गांजा रोज सेवन करणाऱ्यांत, कधीही सेवन न करणाऱ्यांच्या तुलनेत, मनोविकृतीची संभाव्यता जवळजवळ पाचपट आढळली. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध होतो असे नाही. परंतु गोड नावाचा वाण सौम्य असतो या समजुतीला त्यातून कोणताही आधार मिळत नाही, हे निश्चित.

‘इंडिका झोप आणते’ या धारणेचे मूळ कोठे असावे, याचा धागा २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मिळतो. जवळजवळ ३०० नमुन्यांच्या परीक्षणात ‘इंडिका’ व ‘सटायव्हा’ या लेबलांचा वनस्पतींच्या एकंदर आनुवंशिक नात्याशी फारसा संबंध आढळला नाही. संबंध दिसला तो मोजक्या टर्पीनांशी. ‘इंडिका’ म्हटलेल्या नमुन्यांत मिर्सीनचे प्रमाण अधिक होते. म्हणजे उत्पादक व विक्रेते वासावरूनच लेबल लावीत असावेत. मिर्सीनच्या मोठ्या मात्रेने प्राण्यांत गुंगी आल्याचे प्रयोग आहेत. पण फुलोऱ्यातील अल्प मात्रेने माणसात तोच परिणाम होतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

टर्पीने टीएचसीच्या परिणामाला वळण देतात, असा एक सिद्धान्तही मांडला जातो. त्यावर संशोधन चालू आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० प्रौढ व्यक्तींना टीएचसीबरोबर लिमोनीन दिले असता टीएचसीमुळे होणारी अस्वस्थता काहीशी कमी झाली. मात्र टीएचसीचे इतर परिणाम बहुतांशी तसेच राहिले. एका शुद्ध द्रव्याच्या मोजलेल्या मात्रेचा हा निष्कर्ष आहे. तो एखाद्या नामांकित वाणाच्या अनिश्चित मिश्रणाला लावणे शास्त्रशुद्ध ठरत नाही.

५. नावाचे प्रामाण्य

शेतमालाच्या नावामागे काही प्रमाण असावे लागते. तासगाव तालुक्यातील बोरगाव येथील वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवड करून विकसित केलेला ‘तास-ए-गणेश’ हा द्राक्षवाण कलमानेच वाढविला जातो. त्यामुळे एका वेलीचे गुण दुसरीत जसेच्या तसे उतरतात आणि नावाला अर्थ राहतो. वाणांच्या नोंदणीसाठी भारतात वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या नावांमागे प्रदेश, लागवड व गुणवैशिष्ट्ये यांची लेखी नोंद असून तिचा गैरवापर झाल्यास दाद मागता येते.

गांजाच्या वाणांच्या नावांना असा आधार क्वचितच असतो. हे वाणही कलमाने वाढविता येतात. पण त्यांची वंशावळ बहुधा विक्रेत्याच्या सांगण्यावर अवलंबून असते. कारण ही पैदास अनेक दशके कायद्याच्या कक्षेबाहेर व नोंदीविना झाली. कॅनडात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात जमैकातील शंभर टक्के ‘सटायव्हा’ म्हणून नोंदलेला एक नमुना अफगाणिस्तानातील शंभर टक्के ‘इंडिका’ म्हटलेल्या नमुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळला. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात एकाच नावाने वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले नमुने आनुवंशिकदृष्ट्या भिन्न असल्याचे अनेकदा आढळले. लेबलावरील टीएचसीचा आकडाही पुष्कळदा फुगविलेला असतो, असे कोलोरॅडोतील नमुन्यांवरून २०२३ साली दिसून आले. वैध व परवानाधारक बाजाराची ही स्थिती असेल तर अवैध बाजारातील नावाला अर्थ उरत नाही. तेथे नाव हे केवळ किंमत वाढविण्याचे साधन होय.

नावांचे बालसुलभ आकर्षण हाही वादाचा विषय झाला आहे. ‘स्किटल्स’ या गोळ्यांच्या उत्पादक रिगली कंपनीने २०२१ साली ‘झ्किटल्झ’ या गांजा-वाणाच्या नावाविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला होता. मिठाईचे नाव मादक पदार्थाला देण्यातील धोका या दाव्यामुळे ठळकपणे पुढे आला.

६. कायद्याची दृष्टी

भारतात गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ लागू आहे. त्यातील व्याख्येनुसार ‘कॅनाबिस वनस्पती’ म्हणजे कॅनाबिस प्रजातीतील कोणतीही वनस्पती. अमेरिकेत १९७० च्या दशकात काही आरोपींनी ‘कायद्यात सटायव्हाचा उल्लेख आहे, आमच्याकडील वनस्पती इंडिका आहे’ असा बचाव मांडला व त्यासाठी वनस्पतिशास्त्रज्ञांच्या साक्षीही झाल्या. भारतीय कायद्यात अशा बचावाला जागाच नाही. शिवाय गांजाची व्याख्या करताना फुलोरा कोणत्याही नावाने ओळखला जात असला तरी तो गांजाच होय, असे कायद्याने स्पष्ट केले आहे. फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया या व्याख्येतून वगळल्या आहेत. तथापि भांगेवर राज्याच्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे.

अधिनियमाच्या कलम २० नुसार लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गांजा बाळगण्याच्या बाबतीत १ किलोपर्यंत अल्प व २० किलोंहून अधिक असल्यास व्यापारी प्रमाण मानले जाते आणि शिक्षा त्यानुसार वाढते. सेवनासाठी कलम २७ खाली ६ महिन्यांपर्यंत कारावास वा १० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याचबरोबर व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतल्यास कलम ६४-अ अन्वये तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ही तरतूद विद्यार्थ्यांना व पालकांना फारशी ठाऊक नसते.

सातारा व सांगली जिल्ह्यांत ऊस, हळद यांसारख्या उंच वा दाट पिकांच्या आड गांजाची झाडे लावल्याची प्रकरणे पोलीस कारवाईत वेळोवेळी उघड झाली आहेत. झाड कोणत्या वाणाचे, त्याचा गंध कसा, त्यात टीएचसी किती, हे प्रश्न लागवडीच्या गुन्ह्यात गौण ठरतात. झाड कॅनाबिस प्रजातीचे असणे पुरेसे असते.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, ‘इंडिका’ हे बाजारी लेबल लामार्क यांच्या भारतीय वनस्पतीशी वा कोणत्याही निश्चित परिणामाशी जुळत नाही. दुसरा, फळाचा व मिठाईचा गंध खरा असू शकतो, पण तो टर्पीने, एस्टर व गंधकयुक्त संयुगांचा असतो; नशा टीएचसीची असते आणि टीएचसीला वास नसतो. तिसरा, वाणाच्या नावाला नोंद व तपासणीचा आधार नसेल तर ते नाव ग्राहकाला काहीही सांगत नाही. आणि भारतीय कायदा त्या नावाची दखल घेत नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के, म्हणजे ३.१ कोटी व्यक्तींनी त्यापूर्वीच्या वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांपैकी काहीतरी सेवन केले होते. हा प्रश्न महाविद्यालयाच्या आवारापासून दूर आहे असे मानता येत नाही. केवळ भीती घालणारे व्याख्यान विद्यार्थ्यांना पटत नाही, कारण महाजालावरील माहिती त्यांना अधिक तपशीलवार वाटते. रसायनशास्त्राच्या तासाला हळदीचे तेल व कुर्कुमिन वेगळे करून दाखविणे, वनस्पतिशास्त्राच्या तासाला ‘इंडिका’ या नावाचा इतिहास सांगणे आणि विधी विषयाच्या तासाला व्याख्येतील ‘कोणत्याही नावाने’ या शब्दांचा अर्थ उलगडणे, हे तिन्ही आजच्या अभ्यासक्रमाच्या चौकटीत शक्य आहे. ज्या परिसरातील शेतकऱ्याला आपल्या हळदीचे व द्राक्षाचे नाव पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते, त्या परिसरातील विद्यार्थ्याने कोणत्याही मोहक नावामागचा पुरावा विचारावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.